स्मरण रविवार, सकाळचे अकरा: ब्रिटनमधील मराठी मंडळांस खुले पत्र

ब्रिटनमधील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सस्नेह नमस्कार.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार हा या देशात युद्धांत मेलेल्यांच्या आठवणीचा, म्हणजे स्मरण रविवार म्हणून पाळला जातो, आणि दिवाळी उशिरा आली की आपल्या मंडळांचे स्नेहसंमेलनही नेमके त्याच सुमारास येते. माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. त्या रविवारी आपला कार्यक्रम दुपारी बारानंतर सुरू करावा, आणि खेड्यांत किंवा लहान गावांत राहणाऱ्या सभासदांनी त्याआधी, सकाळी अकरा वाजता, आपल्या जवळच्या गावचर्चच्या युद्धस्मारकापाशी जाऊन उभे राहावे. दुसरी विनंती नावांबद्दलची आहे. ती समजण्यासाठी महामारीच्या काळात या चर्चमध्ये मी काय पाहिले ते आधी सांगावे लागेल, म्हणून पत्र थोडे लांबेल. ते शेवटपर्यंत वाचावे.

मी इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते आणि तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, समितीवर काम करते. जन्माने आणि श्रद्धेने मी मराठी ख्रिस्ती आहे. प्रार्थना अजूनही आधी मराठीतच मनात येते. आमचे चर्च लहान आहे, छप्पर गळके आहे, आणि आमच्या पाळकबाईंकडे आमच्यासकट सात गावांची चर्चे आहेत, त्यामुळे महिन्यातून दोन रविवारी त्या आमच्याकडे येतात आणि उरलेल्या रविवारी गावकरीच प्रार्थना चालवतात. ही स्थिती आमच्या एकट्यांची नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे सोळा हजार चर्चवास्तूंपैकी बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी दर रविवारी वीस माणसे आली तरी बाकांवर गर्दी वाटते. हे पत्र धर्माचे आमंत्रण नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. स्मारकापाशी उभे राहायला कोणाला ख्रिस्ती असावे लागत नाही.

१७ मार्च २०२० रोजी कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी सार्वजनिक उपासना थांबवल्या. २३ मार्चला देशात टाळेबंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी पाळकांनीसुद्धा एकट्याने प्रार्थनेला चर्चमध्ये जाऊ नये असे त्यांना कळवण्यात आले. सरकारच्या नियमांनी एवढे मागितले नव्हते. चर्चने ते स्वतःहून स्वीकारले. त्यामागची भावना मला समजते, घरात अडकलेल्या लोकांबरोबर आपणही अडकून राहावे अशी ती होती, तरीही तो निर्णय चुकला असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. शहरातल्या माणसाला दहा चर्चे दिसतात. खेड्यातल्या माणसाला एकच दिसते, तेही स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि त्याच्या आत आपल्यासाठी कोणीतरी गुडघे टेकून बसले आहे एवढ्या जाणिवेवर काही माणसे जगतात. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला होता. आर्चबिशप वेल्बी यांनी लँबेथ राजवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली आणि देशभर लोकांनी ती पडद्यावर पाहिली. आमच्या गावातल्या निम्म्या घरांत मात्र इंटरनेट इतके मंद होते की चित्र मध्येच थिजायचे आणि आवाज पुढे निघून जायचा.

म्हणून आम्ही फोनकडे वळलो. समितीतल्या प्रत्येकाने सात-आठ घरे वाटून घेतली. शनिवारी संध्याकाळी फोन करायचा, उद्याचे शास्त्रवाचन कोणते ते सांगायचे, औषध किंवा वाणसामान हवे का विचारायचे, आणि मग सगळ्यांनी रविवारी साडेदहाला आपापल्या घरी तोच अध्याय मोठ्याने वाचायचा. ज्यांच्याकडे फोनखेरीज काही नव्हते त्यांच्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडने एप्रिलअखेर एक विनामूल्य फोनसेवा सुरू केली होती, तिच्यावर भजने आणि प्रार्थना ऐकता येत. माझ्या यादीतल्या एक नव्वदीच्या बाई दर शनिवारी फोन उचलताच विचारायच्या, "उद्या काय आहे?" एकदा मी म्हटले की उद्याचा अध्याय फार मोठा आहे, निम्माच वाचू या. त्या म्हणाल्या, "मला वेळच वेळ आहे, आणि बाकीचे वाचत असताना मी मध्येच थांबले तर मला एकटे वाटेल." त्या बाई त्या वसंतातच गेल्या. चर्चमध्ये अंत्यविधी करायला परवानगी नव्हती. कबरीपाशी जवळचे मोजके नातलग अंतर राखून उभे राहिले, आणि आम्ही बाकीचे गावकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपापल्या फाटकात उभे राहिलो. गाडी हळू चालवली होती. कोणी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात चर्चच्या देवडीत एक वही दिसू लागली. दार बंद असले तरी देवडी उघडीच असते. तिथे दगडी बाकावर कोणीतरी शाळेची साधी रेघांची वही, दोरीने बांधलेली पेन्सिल आणि जंतुनाशकाची बाटली ठेवली होती. वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: ज्यांना निरोप देता आला नाही त्यांची नावे इथे लिहावीत. मी रोज संध्याकाळी फिरायला जाताना ती वही उघडून पाहत असे. आधी गावातली नावे आली, मग इतर शहरांतली, मग दुसऱ्या देशांतली. काही नावांपुढे नाते होते, काहींपुढे फक्त तारीख, आणि एका पानावर लहान मुलाच्या अक्षरात "आजोबा" एवढेच होते.

त्या उन्हाळ्यात माझी आत्या भारतात वारली. विमाने बंद होती, आणि सुरू असती तरी मी वेळेत पोहोचले नसते. तिने मला वाढवले होते. मी देवडीत जाऊन तिचे नाव वहीत लिहिले, आणि विचार न करता देवनागरीत लिहिले, कारण तिचे नाव रोमन अक्षरांत मी आयुष्यात कधी लिहिलेच नव्हते.

जूनच्या मध्यात चर्च एकट्यादुकट्याच्या खासगी प्रार्थनेसाठी उघडले आणि ४ जुलैपासून सार्वजनिक उपासनेला परवानगी मिळाली. उघडले म्हणजे काय, ते सांगते. एकाआड एक बाक फीत लावून बंद केला होता. प्रार्थनापुस्तके आणि गुडघे टेकण्याच्या उश्या उचलून ठेवल्या होत्या. मंडळीने गाणे म्हणायचे नाही, हा नियम सर्वांत जड गेला. ऑर्गनवर ओळखीची चाल वाजायची आणि मुखपट्टीआड ओठ हलायचे. प्रभुभोजनात फक्त भाकर मिळे, प्याला मिळत नसे. वापरलेली वास्तू धुऊन काढायला माणसे नसतील तर बहात्तर तास बंद ठेवावी असा सल्ला होता. आमच्याकडे माणसे नव्हतीच, त्यामुळे बुधवारी कोणी एकटा प्रार्थनेला येऊन गेला तर शनिवारपर्यंत दार लावून, रविवारची तयारी सकाळी घाईघाईने करावी लागे. चर्चच्या किल्ल्या आणि वास्तू सांभाळणारे आमचे चर्चवॉर्डन तेव्हा ७८ वर्षांचे होते. हे सगळे हिशेब ते एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवत.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी मला देवडीत गाठले. हातात ती वही होती. सर्व मृतांच्या स्मरणाची उपासना १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी होणार होती आणि वहीतले प्रत्येक नाव वाचायचे असे त्यांनी ठरवले होते. एका नावाशी बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे तुमच्याकडचे असावे. याचा उच्चार कसा करायचा?" मी सांगितला. त्यांनी तो आपल्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला, मग मला पुन्हा म्हणायला लावला, मग स्वतः म्हणून दाखवला आणि चुकले का ते विचारले. "ळ" त्यांना जमेना. दोन मीटर अंतरावर उभे राहून, मुखपट्ट्या लावून, आम्ही दोघांनी तो "ळ" सहा-सात वेळा म्हटला असेल. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पंतप्रधानांनी दुसरी टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशीची ती उपासना आमच्यासाठी डिसेंबरपर्यंतची शेवटची ठरली. तीत माझ्या आत्याचे नाव वाचले गेले, आणि "ळ" जवळजवळ बरोबर आला.

आता त्या स्मरण रविवारकडे येते. दुसरी टाळेबंदी ५ नोव्हेंबरला लागू झाली आणि स्मरण रविवार ८ नोव्हेंबरला होता. चर्चच्या आत एकत्र उपासना करता येत नव्हती. बाहेर, उघड्यावर, मोजक्या लोकांनी अंतर राखून पुष्पचक्र वाहायला मुभा होती, आणि बाकीच्यांनी येऊ नये असे सांगितले होते. लंडनमधल्या सेनोटाफ या राष्ट्रीय युद्धस्मारकाचा समारंभसुद्धा त्या वर्षी पहिल्यांदाच जनतेसाठी बंद होता. रस्त्यावर पॉपीची लाल कागदी फुले विकणारे स्वयंसेवक दिसेनासे झाले होते, आणि रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने लोकांना आपापल्या दारात उभे राहून अकरा वाजताची दोन मिनिटांची स्तब्धता पाळायला सांगितले होते.

आमच्या स्मारकापाशी आम्ही सहाजण होतो. चर्चवॉर्डनांनी आदल्या दिवशी खडूने फरशीवर फुल्या मारून ठेवल्या होत्या, त्या रात्रीच्या दवाने अर्धवट पुसल्या होत्या. पाळकबाई त्या सकाळी दुसऱ्या गावी होत्या. एकच घंटा वाजवली गेली. नावे वाचण्याचे काम माझ्याकडे आले, कारण नेहमी वाचणारे गृहस्थ आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नव्हते. पहिल्या महायुद्धाची चौदा नावे आहेत, दुसऱ्याची पाच. चौदातली दोन नावे सख्ख्या भावांची आहेत आणि त्यांचे आडनाव आजही आमच्या गावातल्या एका शेताला चिकटलेले आहे. मी वाचायला लागले तेव्हा मान वर केली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक फाटकात माणसे उभी असलेली दिसली. समोरच्या घराच्या खिडकीत ते आजारी गृहस्थ कोट घालून, पदके लावून उभे होते. मी एकेक नाव उच्चारत होते तसतसे त्यांचे ओठ हलत होते. ती यादी त्यांना पाठ होती. बिगूल वाजवायला कोणी नव्हते, म्हणून एका शाळकरी मुलीने आपल्या घराच्या बागेतून ट्रम्पेटवर ती धून वाजवली आणि मधला एक स्वर तुटला. दुपारपर्यंत पुष्पचक्रे एकेक करून येत राहिली, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने, कारण वेळा वाटून दिल्या होत्या.

या गावांना नावे इतकी का जपावीशी वाटतात, याचे कारण मला नंतर उमगले. पहिल्या महायुद्धात १९१५ नंतर मृत सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असे ठरले होते. हजारो घरांना कबरच नव्हती. गावातल्या त्या दगडाने कबरीची जागा घेतली, म्हणून तो चर्चच्या दाराशी उभारला गेला आणि त्यावर नावे बहुतेक ठिकाणी वर्णानुक्रमे, हुद्द्याचा मान न ठेवता कोरली गेली. ज्यांना नावही उरले नाही त्यांच्यासाठी डेव्हिड रेल्टन या लष्करी पाळकाने मार्ग काढला. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या आर्मांतिएरजवळ, एका घराच्या मागच्या बागेत, त्यांनी अनोळखी ब्रिटिश सैनिकाची कबर पाहिली होती. पुढे मार्गेट गावचे व्हिकर, म्हणजे पाळक, असताना त्यांनी लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या डीनना, म्हणजे तिथल्या प्रमुख पाळकांना, पत्र लिहिले, आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजी अनाम योद्ध्याला ॲबीत पुरण्यात आले. त्या घटनेची शताब्दी बरोबर २०२० च्या टाळेबंदीत आली आणि मूठभर लोकांच्या उपस्थितीत पाळली गेली. ज्या वर्षी पुन्हा एकदा हजारो घरांना आपल्या माणसाचा निरोप घेता आला नाही, त्याच वर्षी ती यावी, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि इथेच मला आपल्याकडची नावे आठवली. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीयांनी सेवा केली, सुमारे ७४ हजार मेले. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीपुढे फक्त संख्या. आपल्या गावांतही तेच झाले. युद्धानंतर सरकारने ठिकठिकाणी जे संगमरवरी फलक बसवले त्यांवर या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात गेले ते परतलेच नाहीत. माझ्या खेड्यातल्या चौदाजणांची नावे दरवर्षी मोठ्याने वाचली जातात. त्या ४६ जणांची सारी ओळख एका आकड्यात मावते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये, महामारी चालू असतानाच, आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि मान्य केले की किमान १ लाख १६ हजार मृत, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती, नावाने स्मरले गेले नाहीत किंवा अजिबातच स्मरले गेले नाहीत. आयोगाने माफीही मागितली.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की ती साम्राज्याची युद्धे होती, आपली नव्हती, तर आपण तिथे का उभे राहायचे? प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकणे मला मान्य नाही. पण गावातल्या त्या दगडावर युद्ध कोणाचे हे लिहिलेले नाही. कोण गेले एवढेच लिहिले आहे. शेतमजूर, लोहाराचा मुलगा, दोन सख्खे भाऊ. कुतला उपाशी मेलेल्या मराठा शिपायाचे त्यांच्याशी जे नाते आहे ते साम्राज्याशी नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूचे ठाणे घेऊन प्राण दिलेले यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांनाही कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्यांचे नाव तरी शोधावे लागत नाही. बाकीच्यांचे शोधावे लागेल.

म्हणून दुसरी विनंती. आपल्या मंडळांतल्या कितीतरी घरांत पणजोबा किंवा त्यांचे भाऊ पलटणीत होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या घरांत तर नक्कीच. मंडळाने एक संध्याकाळ यासाठी द्यावी. ज्येष्ठांना विचारावे, युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आहे का पाहावे, आणि सापडलेले नाव, पलटण, गाव असे एका कागदावर देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, उच्चार फोडून, लिहावे. तो कागद घेऊन जवळच्या गावचर्चच्या पाळकांना किंवा वॉर्डनांना भेटावे आणि स्मरण रविवारी गावच्या नावांनंतर हे नाव वाचता येईल का, असे नम्रपणे विचारावे. काही ठिकाणी नकार मिळेल, कारण ती यादी त्या गावाची आहे आणि तसे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. मग तिथे नुसते उभे राहावे. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी कोणीतरी पेन्सिल काढून उच्चार विचारेल.

माणसांची गरजही खरीच आहे. महामारीनंतर काहीजण परत आले नाहीत, काहीजण आता या जगात नाहीत. खिडकीतून यादी म्हणणारे ते गृहस्थ २०२२ मध्ये गेले. आमच्या वॉर्डनांना आता शिडी चढवत नाही. मागच्या स्मरण रविवारी पुष्पचक्रे नऊ होती आणि माणसे तेवीस. शेजारच्या गावात नावे वाचायला कोणी नसल्याने पाळकबाईंनी ती वाचली, आणि मग घाईने गाडी काढून आमच्याकडे अकरा वाजून वीस मिनिटांनी पोहोचल्या. तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजी नीट वाचता येते, आवाज स्पष्ट आहे आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, त्यांची त्या गावांना खरीखुरी मदत होईल.

नावांची यादी बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या अखेरीस तयार होते, म्हणून कागद त्याआधी पोहोचावेत. आमच्या चर्चसाठी कोणाला द्यायचे असतील तर समक्ष येऊनही देता येतील. दार बंद असले तर देवडीत दगडी बाकावर वही आहे, पेन्सिल दोरीला बांधलेली आहे. देवनागरीत लिहिलेत तरी चालेल.

आपली नम्र,
इंग्लंडमधील एका ग्रामीण पॅरिश समितीची मराठी सभासद